बडीशेपेचा वास

"बुडूनच मेलाय," डॉक्टर सफीनाज हातमोजे काढत म्हणाली. "फुफ्फुसात कालव्याचा गाळ आहे. अंगावर ओरखडासुद्धा नाही."

सरकारी वकील रुश्दींचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे अपघात. चला, सुडाचा पुढचा मुडदा वाचला."

"थांबा. पोटात खसखशीच्या बोंडांचा काढा निघालाय. कडक चहात मिसळलेला, वर बडीशेप आणि ढीगभर साखर. पाण्यात पडला तेव्हा त्याला पापणी उचलणंही जड गेलं असेल."

"अफूच म्हणायची की!"

"तिचीच धाकटी बहीण. रडक्या पोरांना आमच्याकडे पूर्वी हेच पाजायचे. मीसुद्धा त्यावरच वाढले. म्हणून तर अजून सकाळी जाग येत नाही."

रुश्दी हसले नाहीत. "गावात बोंडं विकतो कोण? वहदान जडीबुटीवाला."

सफीनाजनं नळ सोडला. हात धुतले, पुन्हा धुतले. वास जाईना.

वहदानच्या बापानं रागिबच्या बापाला गोळी घातली होती. मारणारा तुरुंगात मेला आणि रक्ताचं देणं त्याच्या पोराच्या, वहदानच्या माथी आलं. रागिब तेव्हा रांगत होता. तो मोठा होऊन सूड घेण्याची सगळं गाव वाट पाहत राहिलं. आता मिसरूड फुटलेला रागिब वहदानच्या दुकानामागच्या कालव्यात सापडला होता, खांद्याला भरलेली बंदूक तशीच.

दुपारी प्रेत न्यायला त्याचा काका हाजी किनावी आला. मागून काळ्या वस्त्रात गुंडाळलेली रागिबची आई.

"माझ्या भावाचं सांत्वन आम्ही अजून घेतलेलं नाही, दाक्तरीण," हाजी म्हणाला. "दुखवट्याचा मांडव नाही, कॉफी नाही. आता पुतण्याचंही घेणार नाही. आधी रक्त, मग कॉफी. तू फक्त सांग, पाजलं ना कुणीतरी?"

"पाजलं. पण कुणी, ते शरीर सांगत नाही."

"ते गाव सांगेल," म्हणत तो खाटल्याची सोय बघायला बाहेर गेला.

आई पोराच्या उशाशी बसली. ओल्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, त्याला दुखलं का गं?"

"नाही, मावशी. झोपेतच गेला."

"लागली होती तर झोप." तिनं मान हलवली. "लहानपणापासून हट्टी. बंदूक काकानं हातात दिली. मी म्हटलं, निघतोसच तर चहा तरी पिऊन जा. शहाण्यासारखा प्यायला. मग म्हटलं, बस घटकाभर, पाठ टेक. बसला नाही."

सफीनाजला वाटलं, आयांचं असंच असतं. शेवटचा घास, शेवटचा घोट, तेवढंच हातात उरतं.

मग त्या बाईनं सूर धरला. बुडालेल्यासाठी बायका विलापाचं गाणं म्हणतात, ते:

*नदीबाई, नदीबाई, वाहा गं जरा हळू,*
*नीज लागली लेकराला, नको त्याला चाळवू.*

ते गाणं सफीनाजच्या मागे घरापर्यंत आलं. चुलीवर आधण ठेवलं की वाफेतून तोच सूर निघे. हाजीला काहीही सांगितलं असलं, तरी पंच अहवालच मानणार होते; त्यातला काढ्याचा उल्लेख गाळला, तर वहदान वाचणार होता. ठेवला, तर मरणार होता. तिनं ठेवला. मेलेल्याच्या तोंडून खोटं वदवणं तिला जमेना.

शुक्रवारच्या नमाजानंतर चौकात पंच बसले. हाजी किनावीच्या मांडीवर बंदूक आडवी. सफीनाजनं उभं राहून सापडलं तेवढं सांगितलं.

शिपायांच्या मधे उभ्या असलेल्या वहदानकडे म्हातारा पंच वळला. "पोरा, अजून वेळ आहे. अनवाणी हो, स्वतःचं कफन हातावर घे, हाजीपुढे ठेव. मारणारा कफन घेऊन आला की बंदूक खाली ठेवायची, ही आपली रीत. त्यानंतर तुला कुणी हात लावणार नाही."

"जे केलं नाही त्याचं कफन उचलू?" वहदानचा आवाज फाटला. "म्हणजे जन्मभर मीच खुनी!"

"नको उचलूस," हाजी म्हणाला. "आम्ही नेसवू. आमच्याकडे शिवणावळ पडत नाही."

कुणीतरी खुसकन हसलं नि गप्प झालं. सफीनाजनं डोळे मिटले. आपल्या चार ओळींनी या पोराचा जीव घेतला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका उठला. "कफन आलं! वाट सोडा, कफन आलं!"

पंच ताडकन उठले. वहदानच्या घरचंच कुणी असणार. म्हातारा रडत रडत 'अल्ला, अल्ला' म्हणू लागला. गर्दी दुभंगली. सफीनाजला आधी दिसले ते पाय, अनवाणी, भेगाळलेले, धुळीनं माखलेले. मग आडव्या हातांवरचं घडी घातलेलं पांढरं कापड. मग वाऱ्यावर आलेला तो ओळखीचा वास.

हाजी किनावी बंदुकीसकट उभा राहिला, आणि तसाच थिजला.

कफन त्याच्या पायाशी ठेवून रागिबच्या आईनं मान खाली घातली. कापडावर बडीशेपेची पुरचुंडी होती, आणि तिच्याजवळ खसखशीचं एक वाळकं बोंड.