हळदीचा कागद

"ज्याच्या हातानं कागद लाल होईल, त्याच्या घरची घागर बंद. पाऊस पडेस्तोवर!" विहिरीच्या काठावरून सरपंच व्यंकटराव गरजले.

शिवकन्येनं आईकडे पाहिलं. तारामतीनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. तान्ह्याला जुलाब लागले होते. पहाटे तिनं त्याची दुपटी इथंच सोडा लावून धुतली, आणि फेस विहिरीत उतरला. टँकर याच विहिरीत रिकामा होई. सारं गाव तेच पाणी पिई.

"लातूर जिल्हा नवा झाला म्हणून टँकर तरी मिळायलाय," सरपंच तंबाखू मळत म्हणाले. "गुरुजी, काढा तुमचा हळदीचा कागद."

किशनराव गुरुजींनी पिशवीतून पिवळ्या पट्ट्या काढल्या. शिवकन्येला तो धडा चांगला आठवत होता. मीठ पाण्यात विरघळलं तरी मीठच राहतं. हळदीला सोडा लागला की मात्र ती लाल होते. त्या लाल पट्टीवर गुरुजींनी चिंचेचं पाणी टाकलं, तेव्हा ती परत पिवळी झाली होती. उरलेलं पाणी चाटायला पोरांची झोंबाझोंबी झाली होती.

"आधी या घागरीत हात बुचकळा, धूळ जाऊ द्या," गुरुजी कोरडेपणानं म्हणाले.

"अन् सोडा बी गेला तर?"

"बोटांच्या भेगांतला सोडा नुसत्या पाण्यानं जात नाही, व्यंकटराव."

घागरीतलं पाणी टँकरच्या पाण्यासारखंच गढूळ होतं. एकेक जण हात बुचकळून पट्टी धरू लागला. सगळ्या पिवळ्याच.

तारामतीची पाळी आली. शिवकन्येनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा आईच्या हातातली पट्टी पिवळीच होती.

"आता राहिलो मीच. मला कशाला बुचकळायला लावता?" सरपंचांनी तंबाखू दाढेखाली टाकली आणि घामेजलेला तळहात पुढं केला.

पट्टी लालभडक झाली.

"घागर बंद!" गर्दीतून केवळाबाई ओरडली. सगळी विहीर हसली.

"अगं, तो तंबाखूचा चुना हाय!"

"चुना का सोडा, ते कागदाला कळत नाही," गुरुजी म्हणाले. "मग? करायची का घागर बंद?"

सरपंचांनी धोतराला हात पुसला. "ऱ्हाऊ द्या आता. पण इथून पुढं काठावर धुणं न्हाई."

"न्हाई," सगळ्यात आधी तारामतीच बोलली.

माणसं पांगली. शिवकन्या मात्र तिथंच घुटमळली. सोड्यानं पट्टी लाल होते, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. मग आईची कशी झाली नाही?

तिनं गुरुजींच्या घागरीत बोट बुडवलं आणि चाटलं.

पाणी आंबट होतं.