दुखतंय म्हणे

"सर, पट्टा बंद आहे," सिस्टर हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर प्रात्यक्षिक बघायला पाहुणे बसले होते. सिस्टरच्या उजव्या हाताच्या बोटांवर कांद्याच्या सालीसारखी पातळ इलेक्ट्रॉनिक त्वचा चिकटवली होती. बोटांना काही लागलं की दंडावरचा पट्टा थरथरायचा. जेवढा दाब, तेवढी थरथर. किती आवळायचं ते त्यावरूनच कळायचं. कारण अपघातानंतर बोटांत जोर तेवढा उरला होता, स्पर्श गेला होता. चाचपून नेमकी शीर शोधणाऱ्या सिस्टर आता केसपेपरच्या खिडकीत बसत. ही त्वचा जमली तर वॉर्ड परत मिळणार होता.

आणि मघाशी भाषण चालू असताना माइकमध्ये घूं घूं येते म्हणून त्वचा बनवणाऱ्या इंजिनिअरने पट्टा बंद केला, तो परत चालू केलाच नाही.

सिस्टरने टेबलावरचा कागदी पेला उचलला. पेल्याचा चोळामोळा झाला, पाणी थेट डॉक्टरांच्या बुटांवर.

"सिस्टर जरा घाबरल्यात," डॉक्टर माइकमध्ये हसले. पाहुणेही हसले.

"घाबरले नाही. पट्टा बंद आहे."

इंजिनिअरने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. "इथे तर चालू दाखवतोय, सर."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात त्यांचा, दंड त्यांचा, आणि साक्ष कुणाची, तर लॅपटॉपची!

डॉक्टर कानाशी वाकले. "तमाशा नको. वॉर्ड हवाय ना?"

तेवढ्यात प्रमुख पाहुणे स्वतःच हात पुढे करून मंचावर आले. "बघू तरी, कसा लागतो हा हात!"

"हात नको, साहेब. मला अंदाज येत नाहीये."

"अहो सिस्टर, मिळवा हात!" डॉक्टरांनी दटावलं.

सिस्टरने मिळवला.

साहेबांनी फोटोसाठी कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मग तोंड वाकडं झालं, चेहरा लालबुंद, आणि गुडघे वाकायला लागले. "सोडा! अहो, सोडा, बोटं मोडली माझी!"

सिस्टर शांतपणे डॉक्टरांकडे वळल्या. साहेबांचा हात अजून त्यांच्या मुठीतच होता.

"साहेबांना दुखतंय म्हणे, सर. लॅपटॉप काय म्हणतो?"