काळी तीन

मास्तरांचं बोट पियानोच्या पट्ट्यांवरून सरकत डावीकडे वर गेलं आणि लाकडाला लागलं. गुळगुळीत, गार लाकूड. तिथं बटण नव्हतं. बोट जरा वेळ चाचपडलं, अंधारात चप्पल शोधणाऱ्या पायासारखं, आणि परत आलं.

“काळी तीनचा सूर,” आई पुन्हा म्हणाल्या. “त्याच्या वर आता गळा जायचा नाही माझा.”

आई म्हणजे ताईच्या आई, आणि ताई मास्तरांची विद्यार्थिनी. हॉस्पिटलात नर्स, चाळिशी ओलांडलेली, सारखे हात धुऊन धुऊन बोटं खरखरीत झालेली. तिनं हौसेनं घेतलेला जुना पियानो आज घरी आला होता. जिन्यावरून चढवताना जावईबापूंची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, कंबर धरली होती आणि ते येईल-जाईल त्याला ते सांगत होते. मास्तरांनीही आल्या आल्या सांगून टाकलं होतं की आपल्या लॅपटॉपात सात पियानो आहेत, देशोदेशीचे. त्यावर जावईबापू म्हणाले, तुमचे सातही काखेत मारून नेता येतात, आमचा एक चौघांना आवरेना. सगळे हसले. मास्तरही हसले होते.

मग आई म्हणाल्या, मी गाऊन बघू का. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांनी सूर असा लावलाच नव्हता. आयुष्यभर बालवाडीतल्या पोरांना गाऊन निजवलेली बाई, हल्ली दूधवाल्याशीसुद्धा खुणेनं बोलायची. ताईनं खुर्ची ओढून आईला बसवलं आणि म्हणाली, आता काळजी नाही, मास्तर साथीला आहेत.

मास्तरांनी आजवर किती लग्नं, किती वाढदिवस वाजवले त्याला गणती नाही. गाणारा कुठल्याही सुरात गावो, मास्तर कीबोर्डचं एक बटण दाबत. आतल्या आत सगळे सूर वर-खाली सरकत, आणि मास्तरांची बोटं मात्र त्याच ओळखीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर फिरत राहत, घरच्या अंगणात फिरावं तशी. लोक म्हणत, काय हात आहे. हात होताच. पण त्याला ते एकच अंगण ठाऊक होतं.

आणि ताईच्या छोट्या कीबोर्डावर याच बटणाला मास्तरांनी स्वतः चिकटपट्टी लावली होती. ही कुबडी आहे, म्हणाले होते, शिकायचं तर बाराही पट्ट्यांवरून शिकायचं. शिकवण्याच्या पुस्तकात तसं होतं. ताई ड्यूटीवरून यायची, कुकर लावायची आणि शिट्ट्या होईपर्यंत बाराही पट्ट्यांवरून घोकत बसायची.

आईंनी डोळे मिटले.

*निज गं पाखरा, सांज गेली घरी,*
*वारा बसे दारी राखणीला.*

आवाज कापत होता, पण जाग्यावर होता. मास्तरांनी पहिला सूर धरला. दुसरा मिळाला. तिसऱ्याला बोट सवयीनं पांढऱ्या पट्टीवर पडलं आणि खोलीत काहीतरी फुटल्यासारखं वाजलं. ते सावरायला गेले तर आणखी बिघडलं. आई थांबल्या. त्यांचा हात गळ्याशी गेला.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “गेला माझा सूर. राहू दे.”

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. त्याऐवजी ते म्हणाले की जिन्यात आपटल्यामुळे पियानोचे सूर उतरले असणार, कुणाला तरी बोलावून जुळवून घ्यावे लागतील. आपलाच आवाज त्यांना दुकानदारासारखा वाटला.

“म्हणजे कंबर फुकटच गेली माझी,” जावईबापू म्हणाले. हसलं कुणी नाही. आई खुर्चीतून उठायला लागल्या होत्या.

ताई पियानोला टेकून उभी होती. तिची नजर मास्तरांच्या बोटावर होती. ते पुन्हा त्या लाकडाशी जाऊन बसलं होतं, त्यांच्या नकळत. तिनं ते पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं, वॉर्डात कुणाची चादर सरकलेली दिसली की बघते तसं.

मग तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. तुझं काही चुकलं नाही, म्हणाली. बाकावर मास्तरांच्या डाव्या बाजूला येऊन बसली, त्यांना कोपरानं जरा सरकवलं, आणि खालच्या पट्ट्यांवर हात ठेवले. काळी तीन. हळू, मोजून मापून, पण एकही सूर इकडचा तिकडे नाही.

“आता कसा लागला हा सुरात?” जावईबापूंनी विचारलं.

“थंड पडला होता,” ताई म्हणाली. “मास्तरांनी वाजवून गरम केला.”

जावईबापूंना ते पटलं. मास्तर खाली बघत राहिले. खिडकीतलं ऊन नेमकं त्यांच्या हातांवर पडलं होतं आणि हात लपवायला जागा नव्हती.

“मला इथून येत नाही, ताई,” ते तिच्यापुरतं बोलले.

“कळलं,” ती तितक्याच हळू म्हणाली. हात थांबवले नाहीत. “वरच्या बाजूला फक्त काळ्या वाजवा. पांढऱ्यांकडे बघूच नका. पाच सुरांचं गाणं आहे, पाचही काळ्यांतच, चुकायला जागाच नाही.”

नवीन मूल शिकायला आलं की पहिल्या दिवशी मास्तर त्याला हेच सांगत.

आईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मास्तरांनी एक बोट काळ्या पट्टीवर ठेवलं आणि त्यांच्या सुरामागून निघाले.