चित्रातली चिंच

न बांधलेल्या इमारतींची खऱ्या फोटोसारखी चित्रं कॉम्प्युटरवर करून देणं, हे आदितीचं काम. शिरोलीजवळच्या एका गोडाऊनच्या नकाशात ट्रकचा रस्ता, ज्या बायडाबाईची ती जागा होती, तिच्या चिंचेवरूनच जात होता.

गोडाऊनचा मालक म्हणाला, "चित्रात चिंच तेवढी ठेवा. त्याशिवाय म्हातारी जागा द्यायची न्हाय."

आदितीनं चिंच अशी रंगवली, की पानापानावर ऊन दिसावं. मालकाबरोबर जाऊन तिनंच ते चित्र बायडाबाईला दाखवलं. म्हातारी हरखली आणि तिनं जागा देऊन टाकली.

उद्घाटनाच्या दिवशी गोडाऊन हुबेहूब चित्रासारखं उभं होतं. फक्त चिंचेच्या जागी ट्रक लागले होते. गर्दीतून वाट काढत बायडाबाई आदितीसमोर आली.

"पोरी, चिंच ऱ्हाणार म्हणून तूच दावलं व्हतंस की!"

आदितीची मान खाली गेली. डोळे भरून आले. बायडाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं आदितीचा हात हातात घेतला.

"रडू नगंस. तुलाबी फशिवलं व्हय त्यानं?"

आदिती डोळे पुसत म्हणाली, "हो, आजी."