'ळ'पाशी थांबणारा

माझ्या वर्गातल्या एका मुलाला 'ळ' म्हणता येत नसे. 'काळजी'ची 'कालजी' व्हायची आणि सगळा वर्ग खिदळायचा. शाळा सुटल्यावर मी त्याला घरी घेऊन बसायचो. "घाई नको, बाळा. 'ळ' आला की थांब, जीभ मागे वळव, मग बोल."

त्याच्यापुढे पेला ठेवत ही म्हणायची, "अहो, आधी दूध पिऊ दे त्याला, मग वळेल जीभ!"

पुढे तो नाटकात नट झाला, पण 'ळ'पाशी किंचित थांबायची सवय राहिलीच.

साथीत लस आली, तेव्हा ही हटून बसली. "फोनवर एवढे मोठे डॉक्टर सांगतायत, लस घेऊ नका म्हणून. तुम्ही मास्तर, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी टोचून घेतली, तिने नाही घेतली. साथीने तिला नेलं.

आज धीर करून तिचा फोन उघडला आणि त्या मोठ्या डॉक्टरांची क्लिप लावली.



"नमस्कार, मी डॉक्टर बोलतोय. लस टा... ळा. स्वतःची का... ळजी घ्या."