शेवटची चढाई

युद्धाच्या अखेरीस सैन्याने सारा जोर लावून सीमेवरची टेकडी घेतली, आणि शत्रू मुकाट्याने तहाला तयार झाला.

मोठे साहेब स्वतः लष्करी इस्पितळात जखमी जवानाच्या खाटेशी आले. "शाब्बास! तुम्ही त्यांचं नाक दाबलंत, म्हणून तर तोंड उघडलं."

उशाशी बसलेल्या आईचा ऊर भरून आला. "मग ती टेकडी आता आपलीच ना, साहेब?"

साहेबांनी उगाच टोपी सारखी केली. "नाही मावशी. तहात ती त्यांना परत द्यावी लागली."

जवानाने गुडघ्याखालच्या सपाट चादरीवरून हात फिरवला आणि तो हसला.


"आई, आपल्या घरातलं कुणी परदेशी गेलं नाही म्हणून हळहळायचीस ना? आता माझा पाय कायमचा तिकडेच राहील."