बाबांची चौकट

"बाबांची चौकट तेवढी राहिलीय भरायची, टकळे," सर म्हणाले आणि टकळीची बडबड नळ बंद केल्यासारखी थांबली.

एरवी तिला गप्प करणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं! वंशावळीच्या वर्गात सगळे पेन्शनवाले आणि त्यांच्यात ही एकटी शाळकरी. पण आल्या आल्या तिने पणजीचं माहेर हुडकून काढलं आणि अख्ख्या वर्गाची लाडकी होऊन बसली. आता रविवारच्या संमेलनात तिचा तक्ता सभागृहात लागणार होता.

वर्गाचा नियम सोपा होता. माणूस जिवंत असेल तर जाहीर तक्त्यावर त्याचं नाव टाकायचं नाही. चौकटीत नुसतं 'हयात' लिहायचं. गेलेल्यांचं मात्र सगळं लिहायचं: नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल.

गोची इथेच होती. पहिल्या दिवशी वर्गात शेजारी बसलेल्या निवृत्त नर्सबाईंनी सहज विचारलं होतं, "वडील काय करतात गं?" आणि टकळीच्या तोंडून निघून गेलं होतं, "बाबा नाहीत. गेल्या वर्षी गेले."

बाबा तुरुंगात होते. ज्या दुकानात कामाला होते, त्याचंच शटर त्यांनी फोडलं होतं. जुन्या शाळेत पोरी तिला 'शटर' म्हणूनच हाक मारायच्या. इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि कळलं असतं तर तिने या वर्गात पुन्हा पाऊल ठेवलं नसतं.

पूर्वी आई तिला भेटीला न्यायची. काचेपलीकडे बाबा हसायचे आणि ही आपल्या चपलांकडे बघत बसायची. मग गेल्या वर्षी एकदा आई एकटीच गेली. परत आली ती सरळ घरातली सगळी अंथरुणं धुवायला बसली. "आता भेटी बंद आहेत," एवढंच म्हणाली. टकळीने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं, आणि तसं वाटलं याची लाज तेव्हापासून चपलेतल्या खड्यासारखी टोचत होती.

"लिहितेस ना?" सरांनी विचारलं.

'हयात' लिहिलं तर सगळ्यांसमोर पितळ उघडं. तिने बाबांचं नाव लिहिलं, जन्मसाल लिहिलं आणि त्यापुढे गेल्या वर्षाचं साल. ते वाचून नर्सबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रड गं बाळा, मोकळी हो." त्या मायेने टकळीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संमेलनाचं तिने घरी नुसतं 'वर्गाचं काहीतरी आहे' असं सांगितलं होतं. पण रविवारी इस्त्रीचं दुकान बंद ठेवून आई दारात हजर! "म्हटलं, लेकीचं कौतुक बघावं."

सर लगबगीने पुढे आले. "या ताई! पोर नाही, तोफ आहे तुमची. एक सही हवी होती. अलीकडच्या नोंदीला आम्ही घरच्या मोठ्या माणसाची साक्ष घेतो." आणि त्यांनी नेमकं बाबांच्या चौकटीवर बोट ठेवलं.

आई वाचत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं बोलणाऱ्याला आई घासभर जेवू देत नसे, आणि इथे लेकीने जिवंत बापालाच मारून भिंतीवर टांगलं होतं. पायाखालची फरशी दुभंगली तर किती बरं, असं टकळीला वाटलं.

आईने पेन मागितलं. सही केली.

"आभारी आहे," म्हणत सर पुढच्या तक्त्याकडे वळले.

माझ्यापायी आईने खोटी साक्ष दिली! टकळीला रडू आवरेना. आईचा हात धरून तिने तिला जिन्यापाशी ओढत नेलं. "आई, मी..."

"थांब. आधी माझं ऐक." आई तिच्या नजरेला नजर देत नव्हती. "तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं करत करत राहूनच गेलं गं. चुकलंच माझं." तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "पण तुला सांगितलं कोणी?"